पुढचं डावं चाक

४ नोव्हेंबर, मंगळवार

गाडी आज पुन्हा थरथरली. सून ऑफिसातून आली ती हात चोळतच. म्हणाली, "सत्तरच्या वर काटा गेला की स्टिअरिंग हातात राहत नाही, अण्णा." टायरवाल्याने महिन्याभरात तीनदा बॅलन्सिंग केलं. मशीनवर चाक गुणी, गाडीवर गेलं की द्वाड. तिसऱ्यांदा तो तिला म्हणाला, "ताई, सवय करून घ्या."

सवय! मागच्या सीटवर आठ वर्षांची पोर बसलेली असते.

ही डायरी मुलाची. त्याला ऑफिसातून मिळालेली, गेल्या वर्षीची. दोन-चार पानांवर त्याची टिपणं आहेत, बाकी कोरी. छापलेले वार आता चुकतात, म्हणून मी खोडून लिहितो. पुढची पानं उलटून बघत नाही. ज्या दिवशी जे पान येईल ते येईल.

५ नोव्हेंबर, बुधवार

काल लिहायचं टाळलं ते आज लिहितो.

थरथर का होते हे मला वर्षापासून ठाऊक आहे. चाक ज्यावर बसतं त्या हबच्या मधोमध एक गोल उंचवटा असतो. कंपनीच्या चाकाचं मधलं भोक त्यावर नेमकं बसतं, म्हणून चाक आपसूक मधोमध येतं. बाहेरून आणलेल्या अलॉय चाकाचं भोक मोठं ठेवतात — कुठल्याही गाडीला बसावं म्हणून. मग फट राहते. त्या फटीत रिंग लागते. ती नसेल तर चाक नुसतं नटांवर लोंबतं. केसभर इकडे, केसभर तिकडे. गल्लीत कळत नाही. वेगात कळतं.

मुलाने मोठ्या हौसेने चाकं आणली. पाचव्या दिवशी माझ्याकडे आला. "अण्णा, चार रिंगा काढून द्या ना लेथवर. तुमच्या डाव्या हातचा मळ."

मी म्हणालो, "धडधाकट चाकं काढून शोभेची बसवलीस. हौस तुझी, तूच निस्तर."

चाळीस वर्षं कारखान्यात लेथपुढे, धातू कातायच्या यंत्रापुढे, उभा होतो. जगाच्या रिंगा काढल्या.

तो अंगणात परत गेला. त्यानंतर दोन महिन्यांनी ऑफिसच्या जिन्यात कोसळला. हृदय. एक्केचाळीस वर्षांचा. गाडीने नाही गेला. हे मी रोज सकाळी स्वतःला सांगतो — गाडीने नाही गेला. तरी.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सुनेला दुसऱ्या गावी नोकरी मिळते आहे. चांगली आहे म्हणते. एक डिसेंबरला हजर व्हायचं. पण तिथे घर एकीकडे, शाळा दुसरीकडे, ऑफिस तिसरीकडे. "गाडी भरवशाची असली तरच हो म्हणण्यात अर्थ आहे, अण्णा. ही अशी थरथरणारी घेऊन मी रोज चाळीस किलोमीटर जाणार नाही."

मला म्हणाली, "तुम्हीही चला." मी म्हणालो, "मी इथेच बरा." असं म्हणायचं असतं. समोरच्याने दुसऱ्यांदा विचारायचं असतं. तिने विचारलं नाही. खरं बोलणारी बाई आहे, दुसऱ्याचंही खरंच धरते.

कडी दोनदा पाहिली. गॅस तीनदा.

९ नोव्हेंबर, रविवार

आज पान उघडलं तर त्याचं अक्षर.

"अण्णांना रिंगांचं परत विचारणे. हब ६४.१, चाक ६७.१."

एवढंच. मी त्याच्या ओळीच्या खाली लिहितो आहे. परत विचारलं नाही त्याने. विचारलं असतं तर मी दिल्या असत्या का? दिल्या असत्या. बहुतेक दिल्या असत्या.

१० नोव्हेंबर, सोमवार

सुनेला सांगितलं, रिंगा मी काढतो. ती जरा वेळ माझ्या हातांकडे बघत राहिली. हात मी मांडीखाली घेतले.

११ नोव्हेंबर, मंगळवार

जुन्या कारखान्यात गेलो. मोठे मालक कधीच गेले, आता धाकटे मालक बसतात. त्यांनी मला ओळखलं याचंच बरं वाटलं. म्हणाले, "काका, सुट्टीच्या दिवशी या. मशीन तुमचंच. फक्त बोटं जितकी घेऊन याल तितकी परत घेऊन जा. भंगारवाला बोटं घेत नाही."

माझा लेथ तिथेच आहे, खिडकीजवळ. हँडलवर नवा रबर बसवलाय. बाकी तोच.

१६ नोव्हेंबर, रविवार

फजिती.

अॅल्युमिनियमचा तुकडा घेतला. दीड मिलिमीटर जाडीची रिंग, म्हणजे बांगडीहून नाजूक. दोन बोटांत जोरात दाबली तर अंड्यासारखी होते. लेथ सुरू केला आणि एक गंमत झाली, हात थांबले. म्हणजे थरथरायचे थांबले. हँडल धरल्यावर त्यांना आपलं काम आठवलं असावं. बारा वर्षांनी.

चारही रिंगा काढल्या, मोजल्या, बरोबर आल्या. छाती फुगवून घरी आलो. संध्याकाळी पुन्हा मोजल्या तर सगळ्या लहान. गरम असताना मोजल्या होत्या! धातू तापला की फुगतो, निवला की आक्रसतो. नव्या पोरांना याच चुकीसाठी मी कारखानाभर ओरडायचो. एकाला तर म्हणालो होतो, "भाकरी आहे का ती, गरम गरम ताटात घ्यायला?"

आज मला ओरडायला कुणी नव्हतं. अशा रिंगा हबवर चढणारच नव्हत्या. नातीने त्या हातात घातल्या. सैल झाल्या, दंडापर्यंत गेल्या.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

घसा धरलाय. जुना लोकरीचा कोट काढला. उजवा खिसा आतून फाटलाय. चष्म्याचं घर अस्तरात जाऊन बसतं, मग शोधाशोध.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज घाई केली नाही. एक रिंग काढायची, बाकावर ठेवायची, निवेपर्यंत दुसरीला हात लावायचा नाही. मध्ये बसून राहायचं. पूर्वी असं बसलं की पगार कापतील असं वाटायचं.

चारही नेमक्या. धाकटे मालक आले, एक उचलून उजेडात धरली. म्हणाले, "काका, असं काम आता आमच्याकडे कुणी करत नाही." मग म्हणाले, "कुणासाठी?" मी म्हणालो, मुलाने सांगितल्या होत्या. त्यांना माहीत आहे तो नाही ते. फडक्यात बांधून दिल्या.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सुनेला सुट्टी होती. अंगणात गाडी लावली. जॅक, पाना, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर. ती म्हणाली, "मला शिकवा. उद्या तिथे तुम्ही नसणार." उद्या तिथे तुम्ही नसणार. सरळ बोलते.

शिकवलं. आधी हबचा गंज घासून काढायचा. गंजाचा एक पापुद्रा राहिला तरी चाक तिरकं बसतं. मग रिंग. अंगठ्याने दाबली की टक असा आवाज येतो. मग चाक. नट हाताने लावायचे, शेजारचा नाही, समोरचा. पाहुण्यांच्या पंगतीत कसं, एकाच बाजूला वाढत गेलं की दुसरी बाजू रुसते. ती हसली. बऱ्याच दिवसांनी. मग गाडी खाली घेऊन पान्याने आवळायचे. तेही समोरासमोर.

मागची दोन्ही तिनेच आवळली. नट वाडग्यात घेऊन बसली होती. पुढचं उजवं मी केलं. तेवढ्यात नातीने आतून हाक मारली, सून आत गेली.

मी पुढचं डावं चाक काढलं. आणि तिथे काहीतरी होतं.

हबच्या उंचवट्याभोवती पत्र्याची पट्टी गुंडाळलेली. पाच-सहा वेढे. कात्रीने कापलेली, कडा कानशीने घासलेल्या. घासणाऱ्याला कानस धरता येत नव्हती हे दिसत होतं. एका बाजूला वेढे जाड, दुसऱ्या बाजूला पातळ. वरच्या वेढ्यावर निम्मं गुलाबाचं फूल.

तो माझ्या स्क्रूंचा डबा. बिस्किटांचा होता, झाकणावर गुलाब. गेल्या वर्षी नाहीसा झाला आणि स्क्रू एका पिशवीत सापडले. महिनाभर मी घर डोक्यावर घेतलं होतं. "या घरात माझी एक वस्तू जाग्यावर राहत नाही!" मुलगा समोर बसून जेवत होता. मान वर केली नाही त्याने.

माझ्याकडे परत यायच्या ऐवजी त्याने डबा कापला. एकाच चाकाला करून पाहिलं असेल. जमलं नसेल, सोडून दिलं असेल. टायरवाल्याने तीनदा चाक काढूनही त्याकडे लक्ष दिलं नसेल.

सर्वांत जास्त थरथर याच चाकाची असणार. पट्टी एका अंगाला जाड, चाक एका अंगाला सरकलेलं. पण मला ती काढवेना. त्याने माझं काम करून पाहिलं होतं. आयुष्यात एकदाच.

चाक होतं तसं परत लावलं, पट्टीसकट. नट आवळले. चौथी रिंग फडक्यात गुंडाळून कोटाच्या खिशात टाकली. सून बाहेर आली, म्हणाली, "झाली चारही?"

"झाली," मी म्हणालो.

३० नोव्हेंबर, रविवार

सून गाडी हमरस्त्यावर फिरवून आली. "पुष्कळ फरक आहे, अण्णा. पण अजून थोडी आहे. ऐंशीला."

"बसेल हळूहळू," मी म्हणालो. चाक काही दही नाही हळूहळू बसायला.

ती म्हणाली, "मग घाई नको. ऑफिसला विचारते थोडे दिवस मिळतात का."

२ डिसेंबर, मंगळवार

मिळाले. पंधरा तारखेला हजर व्हायचं ठरलं. त्या लोकांनी आपणहून पुढची तारीख दिली म्हणते. मोठी चांगली माणसं दिसतात.

दोन आठवडे. मला आनंद झाला. लिहून ठेवतो, म्हणजे नंतर नाकारता येणार नाही. आधी मी म्हणत होतो की मुलाच्या पट्टीसाठी रिंग ठेवून घेतली. ते खरं आहे. पण निम्मं. गाडी नीट झाली की दोघी जातील, हे मला पाना हातात असतानाच माहीत होतं.

४ डिसेंबर, गुरुवार

चष्मा काढायला कोटात हात घातला तर खिसा शिवलेला! बारीक टाके, दुहेरी दोरा. रिंग आत होती, फडक्यात. चष्म्याचं घरही होतं. सुनेने कपडे आवरताना शिवला असणार. फडकं तसंच गुंडाळलेलं होतं. गाठ मी मारतो तशीच. उघडून पाहिलं नसेल. कशाला पाहील? म्हाताऱ्याच्या खिशात काय असणार — सुपारी नाहीतर गोळ्या.

रिंग आता गादीखाली ठेवली. मग वाटलं, चादर बदलताना सापडेल. परत कोटात ठेवली.

६ डिसेंबर, शनिवार

दोघी सकाळीच निघाल्या होत्या, नवं घर पाहायला. हमरस्त्याने. मला आदल्या दिवशी सांगितलं नाही — "तुम्ही काळजी करत बसता." दिवसभर फाटकापाशी. नट घट्ट आहेत, काही होणार नाही, थरथर म्हणजे अपघात नव्हे. हे सगळं मला कळतं. कळून काय उपयोग. मी आवळलेल्या खोटेपणावर माझी नात ऐंशीच्या वेगाने चालली होती.

चारला आल्या. नात धावत आली. "आजोबा, आपली गाडी तुमच्यासारखी आहे. हात असे असे करते." आणि माझी नक्कल करून दाखवली. हुबेहूब. सुनेने तिला दटावलं. मी हसलो. हसू कुठून आणलं ते माझं मला ठाऊक.

मग नातीने सांगितलं, नव्या घरात खिडकीत बसायला जागा आहे आणि समोर झाड आहे. तिची खोली तिने ठरवूनही टाकली.

८ डिसेंबर, सोमवार

जेवण गेलं नाही.

१० डिसेंबर, बुधवार

सून आज म्हणाली, "अण्णा, गाडी अशीच राहिली तर मी त्यांना नाही कळवते. इथलं काय वाईट चाललंय."

इथलं वाईटच चाललंय. सकाळी सातला निघते, संध्याकाळी सातला येते, चेहरा धुतलेल्या पाटीसारखा. ज्या जिन्यात तो पडला त्याच जिन्याने रोज वर जाते. दोघं एकाच ऑफिसात होती. हे मी आजवर लिहिलं नाही. मनातही धड आणलं नाही. मला घरात माणसं हवीत म्हणून तिने रोज तो जिना चढायचा?

तिने हे बोलताना माझ्याकडे पाहिलं नाही. कपड्यांच्या घड्या घालत होती.

१२ डिसेंबर, शुक्रवार

एक वर्ष झालं. पान कोरंच होतं.

१३ डिसेंबर, शनिवार

उजाडल्याबरोबर अंगणात गेलो. पुढचं डावं चाक काढलं. वयाने दम लागतो, चाक पोटाशी धरून खाली बसलो थोडा वेळ.

मागे दार वाजलं. सून चहा घेऊन आली होती. विचारलं नाही, "हे काय करताय?" पायरीवर कप ठेवला, वाडगा आणला आणि नट त्यात गोळा केले. मीच म्हणालो, "एकदा बघून घेतो, हब नीट घासलाय का." ती म्हणाली, "बघा."

पट्टी सोडवली. जपून. वेढ्यांवेढ्यांत गंज धरला होता, शेवटचा वेढा तुटला. ती बघत होती. मग हलकेच म्हणाली, "त्या दिवशी बोट कापून घेतलं होतं त्यांनी. मला म्हणाले, दाढी करताना."

बोट, दाढी करताना. खोटं बोलणं त्याला कधीच जमलं नाही.

हब घासला. कोटातून फडकं काढलं, गाठ सोडली, रिंग बसवली. टक. चाक वर चढवायला तिने हात लावला. नट तिने लावले, समोरासमोर. मी नुसता बोटाने दाखवत होतो आणि त्याचीही गरज नव्हती.

ती लगेच गाडी घेऊन गेली. वीस मिनिटांनी आली. काच खाली केली, दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलून मला दाखवले. स्थिर.

"आता उद्या निघू," म्हणाली.

चिठ्ठी लिहून गाडीत चिकटवली — शंभर किलोमीटरनंतर थांबून सर्व नट पुन्हा आवळणे. नवी रिंग बसवल्यावर करावंच लागतं. पाना सीटखाली ठेवला आहे, डावीकडे. हे तिला चारदा सांगितलं. पाचव्यांदा सांगायला गेलो तेव्हा नात म्हणाली, "डावीकडे, आजोबा."

१४ डिसेंबर, रविवार

नऊला गेल्या.

वळणावर ब्रेकचा दिवा लागला, मग विझला. फाटक लावलं. कडी एकदाच पाहिली. कुणासाठी पाहायची?

पट्टी टेबलावर आहे. गुलाबाचा तुकडा वर करून ठेवलाय.

त्याच दिवशी, संध्याकाळी

फोन आला. पोचल्या. एकदाही थरथरली नाही म्हणते. मध्ये थांबून नट तिनेच आवळले.

मग म्हणाली, "अण्णा, कोटाचा खिसा शिवायच्या आधी मी फडकं सोडून पाहिलं होतं. रिंग पडून हरवली असती, म्हणून शिवला. आणि पंधरा दिवस त्या लोकांनी आपणहून दिले नव्हते. ऐंशीला थरथर लागली आणि तुम्ही 'बसेल हळूहळू' म्हणालात, तेव्हाच मला कळलं होतं, तुम्हाला थोडा वेळ हवा आहे. मी मागून घेतले."